फॉर्मालिनवाल्याची घाई

तुमच्या बायकोच्या छातीतून काढलेली गाठ डॉक्टरांनी बरणीत घालून तुमच्याच हातात दिली, तर घरी नेऊन तुम्ही ती कुठे ठेवाल? फ्रिजमध्ये, भाजीच्या शेजारी? कपाटावर, पोरांचा हात पोचणार नाही अशी? की तोंड वाकडं करून परसात खड्डा खणाल? हसण्यावारी नेऊ नका, उत्तर हवंय म्हणून विचारतेय. आमच्या सुलावेसी बेटाच्या डोंगरात, तोराजात, हा प्रश्न सारखा कुणापुढे तरी उभा असतो. खाली तालुक्याच्या दवाखान्यात गाठ कापणारा डॉक्टर आहे, पण कापलेली गाठ तपासणारा कुणी नाही. तपासणारे खाली मकासर शहरात, आणि मकासर बसने दिवसभराच्या वाटेवर. मधली वाट घरच्यांनी तुडवायची, बरणी मांडीवर घेऊन.

अंबे मिल्काने ती बरणी सासूच्या उशाशी ठेवली.

हा माणूस कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही त्याला खुळा समजाल. खुळा तो मुळीच नाही. त्याचं खरं नाव यूसुप लिंतिन. मुलगी मिल्का झाली तेव्हापासून तो अंबे मिल्का, मिल्काचा बाप, आणि त्याची बायको इंदो मिल्का, मिल्काची आई. आमच्यात पोर झालं की आईबापाची नावं कुणाच्या तोंडात उरत नाहीत, आणि नातवंड झालं की अंबेचा 'ने' होतो, म्हणजे आजा. पण बुंतु रारा गावात त्याला आणखी एका नावाने ओळखतात: फॉर्मालिनवाला. कुणाच्या घरात माणसाचा श्वास थांबला की पाद्रीच्या आधी त्याला निरोप जातो.

त्याचा आजा प्रेतं गुंडाळायचा. तेव्हा सुई नव्हती, पाला होता, आणि थरावर थर कापड होतं. ज्या हातांनी आपल्या आईला गुंडाळलं त्या हातांचं पाणी लोक पीत नसत. आजाला भात मिळायचा तो घराच्या मागच्या बाजूला, केळीच्या पानावर. नातवाने हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. तो आरोग्य केंद्रात झाडू मारायला लागला, कंपाउंडरच्या मागे मागे फिरून सुई टोचायला शिकला, आणि कंपाउंडर बदली होऊन गेला तेव्हा ती सुई याच्याकडे राहिली. मग ज्या घरांनी आजाला मागे बसवलं, त्याच घरांनी नातवाला पुढच्या जिन्याने वर घेतलं. चांगल्या कपातून कॉफी दिली. अंबे मिल्का कॉफी पिताना कप उगाच फिरवून बघतो, तुम्ही पाहिलंत तर लक्षात येईल. बशी सुद्धा बघतो.

आमच्याकडे माणूस मेला म्हणजे लगेच मरत नाही. रेडे जमवायचे असतात, डुकरं जमवायची असतात, पापुआला गेलेली पोरं परत यायची असतात, घराण्यातल्या चार म्हाताऱ्यांची तोंडं एका दिशेला व्हायची असतात. तोवर माणूस आजारी. आतल्या खोलीत निजलेला. सकाळी त्याच्यापुढे कॉफी ठेवायची, बाहेर पडताना त्याला सांगून जायचं. हे सगळं चालतं अंबे मिल्काच्या सुईवर, तिच्यातून अंगात सोडलेल्या फॉर्मालिनवर. त्याच्या हातचं माणूस हवं तितकं थांबतं. त्यामुळे त्याच्या डोक्यात, आणि त्याच्याच कशाला, आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली: एकदा फॉर्मालिन लागलं की घाई संपली.

आणि इथेच गाडी घसरली.

इंदो मिल्काने छातीतली गाठ आधी लपवली, सगळ्याजणी लपवतात तशी. कॉफीची तोडणी होऊ दे, डुक्कर विकलं जाऊ दे, आईचं उरकू दे. आतल्या खोलीत निजलेल्या आईचं उरकत नव्हतं, कारण दोघे भाऊ पापुआत खाणीवर आणि त्यांना सुट्टी मिळत नव्हती. शेवटी गाठ कपड्यावरून दिसायला लागली तेव्हा नवऱ्याने तिला तालुक्याला नेलं. डॉक्टरने गाठ कापली, बरणीत टाकली, अंबे मिल्काच्या हातात ठेवली आणि "मकासरला पोचवा, तपासायला" एवढं बोलून पुढच्या पेशंटकडे गेला. मी त्या डॉक्टरशी नंतर भांडले. बरणी दिलीत, अक्कल द्यायला काय पैसे पडत होते? तो म्हणाला, बाई, बाहेर रांग बघा. रांग होती, हे खरं. पण म्हणून काय झालं?

घरी येऊन अंबे मिल्काने झाकण उघडलं आणि वास घेतला.

"पाणी घातलंय," तो बायकोला म्हणाला. "दुधात घालतात तसं. दवाखान्यात सुद्धा चोऱ्या."

त्याने ते सगळं ओतून दिलं आणि आपल्या कॅनमधलं निखळ फॉर्मालिन काठोकाठ भरलं. जे कुठल्या सरदार घराण्याच्या म्हाताऱ्यालाही तो हात राखून देतो, ते बायकोच्या गाठीला त्याने भरून दिलं. मग बरणी आतल्या खोलीत नेऊन सासूच्या उशाशी ठेवली.

मी गाठवाल्या बायकांना घेऊन दवाखान्यांच्या खिडक्यांवर भांडते. शाळा लवकर सुटली, बाकीचं भांडून शिकले. तर असंच इंदो मिल्काची खबर घ्यायला गेले तेव्हा ती जिन्यावर बसून एका हाताने कॉफीच्या बिया पाखडत होती. दुसरा खांदा अजून आखडलेला.

"मकासरवाले काय म्हणाले?" मी विचारलं.

"कोण मकासरवाले?"

"गाठ तपासणारे."

"ती कुठे गेलीय मकासरला? ती आत आहे, आईजवळ."

मी आत गेले. म्हातारी लाल कापडाखाली निजलेली, शेजारी बरणी, आणि बरणीपुढे एक छोटा कप. कपातून वाफ येत होती. म्हातारीचा कप वेगळा.

इंदो मिल्का माझ्या मागे दारात येऊन उभी राहिली. "बघ सार्लोता. मी जिती बाहेर बसलेय, मला अर्धा कप. आणि तिला भरून. माझ्याच अंगातून निघालेली सवत."

अंबे मिल्का खिडकीशी सुया पुसत होता. "चेष्टा करू नकोस. तो तुझा तुकडा आहे. तू आहेस, म्हणजे तोही आहे."

"अंबे," मी म्हणाले, "ही बरणी इथे केव्हापासून आहे?"

"दवाखान्यातून आलो तेव्हापासून. काळजी करू नकोस. माझ्या हातचं कधी नासलंय? ने सोलोला विचार."

"ने सोलो मेलाय."

"आजारी आहे. आणि जाऊन बघ, तुझ्यापेक्षा ताजा दिसतो."

"मकासरला का नाही नेली?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच खुळी. "ही बसमध्ये बसण्याजोगी झाली की दोघी एकदम जातील. अंगाचा तुकडा माणसाच्या पुढे एकटा डोंगर उतरत नाही, पोरी. मागच्याला वाट दाखवल्यासारखं होतं ते. आणि कसली घाई? फॉर्मालिनमध्ये आहे."

माझं डोकं फिरलं. फिरलं की माझ्या तोंडाला फाटक राहत नाही. "त्या गाठीवरून ठरणार आहे हिला कुठलं औषध लागू पडेल. नुसत्या गोळ्या पुरतील की आणखी काही, ते ती गाठच सांगणार. ते कळायला उशीर झाला तर ही त्या म्हातारीच्या शेजारी निजेल, आणि सुई तुम्हीच टोचाल. भरा मग काठोकाठ."

खाली डुक्कर ओरडत होतं. अंबे मिल्काने सुया डब्यात ठेवल्या, डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"उद्याची बस," इंदो मिल्का म्हणाली. "खांदा दुखला तर दुखला."

बसमध्ये वेगळाच तमाशा. बरणी फडक्यात बांधून त्याने मांडीवर घेतली होती, पण त्या वासाला कुठलं फडकं पुरतं? कंडक्टर नाक दाबत आला.

"म्हातारबा, हे टोफूवाल्याला विकायला चाललात की मासळीवाल्याला? पोलीस मला धरतील. उतरा."

खाली गावांमध्ये टोफू आणि मासळी टिकवायला चोरून हेच औषध घालतात, सगळ्यांना माहीत आहे. अंबे मिल्काचा चेहरा काळाठिक्कर पडला. ज्याच्या सुईला सरदार घराणी मान देतात, त्याला टोफूवाला म्हणणं.

"गाठ आहे. तपासायला नेतोय," मी म्हणाले.

"गाठीच्या नावाखाली काय काय नेतात लोक."

इंदो मिल्काने पोलक्याच्या बटणाला हात घातला. "कुठून काढली ते दाखवू का, बाळा? तुझ्या आईलाही दोन आहेत ना, तुला ओळखीचं वाटेल."

कंडक्टर पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारी बसला तो मकासरपर्यंत मागे फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या खोलीत डॉक्टर तेनरी होत्या. खालच्या बुगिस जमातीच्या बाई, ठेंगण्या, डोक्याला गच्च बांधलेला रुमाल, बोलणं तोडून तोडून. त्यांनी बरणी उजेडात धरली.

"हे कुणी भरलं?"

"मी," अंबे मिल्का म्हणाला. छाती किंचित पुढे.

तेनरीबाईंनी गाठ चिमट्याने काढून फळीवर ठेवली आणि सुरी लावली. सुरी सरली नाही. गाठीचं वरचं कवच सुपारीसारखं झालं होतं. त्यांनी जोर दिला, तशी गाठ दुभंगली, आणि वास आला. तो वास खोलीत आमच्या सगळ्यांच्या आधी अंबे मिल्काने ओळखला. आयुष्यभर सुईने तो हाकलत आला होता तोच वास. बाहेरून दगड आणि आत लापशी.

"कर्करोगच दिसतोय, तेवढं कडेच्या पट्टीवरून पक्कं करता येईल," तेनरीबाई म्हणाल्या. "पण कुठलं औषध चालेल हे विचारायला गेलं तर ही आता जे सांगेल त्यावर माझा विश्वास नाही बसायचा. ही बोलायच्या पलीकडे गेली." मग सुरी पुसत, आमच्याशी नाही, भिंतीशी बोलल्यासारखं: "डोंगरातून मुळात येतंच काही नाही. येतं ते असं."

"आत का नासली?" अंबे मिल्काने विचारलं. आवाज अगदी बारीक.

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "केळ्याची भजी करता ना घरी? मोठ्या आचेवर टाकलं तर काय होतं?"

"वरून करपतं. आत कच्चं."

"तेच. औषध जालीम होतं, त्याने वरचा थर असा आवळला की पुढे आत शिरायला वाटच राहिली नाही. आणि अख्खी गाठ, मध्ये चीर सुद्धा नाही. तुम्ही माणसाला सुई टोचता तेव्हा औषध नसांमधून सगळीकडे फिरतं. हिला कोण फिरवणार? हिला ताबडतोब चिरायची, भरपूर पातळ औषधात सोडायची, आणि लगेच आमच्याकडे. मग आम्ही तिला मेणात बसवतो. मेणात बसली की ती थांबते. औषधात नाही थांबत. जास्त दिवस पडली की आतलं जे वाचायचं असतं तेच पुसलं जातं."

"दवाखान्यातलं पाणी घातलेलं होतं," तो म्हणाला.

"तेवढंच हवं असतं, अंबे." त्यांनी आमचं ऐकून त्याला अंबे म्हणायला सुरुवात केली होती.

तो खाली बसला. खुर्ची होती, तरी जमिनीवर बसला.

तेवढ्यावर संपलं नाही. तेनरीबाईंनी शेजारच्या सर्जनला बोलावून इंदो मिल्काला तपासायला लावलं, आणि त्याच्या बोटांना काखेत आणखी एक गाठ लागली. लहान, पण कडक. ती काढावीच लागणार होती. म्हणजे दुसरी संधी होती, आणि ती बायकोच्या अंगावर पुन्हा सुरी फिरवून मिळणार होती.

बाहेर खानावळीत मिल्का आली. ती मकासरला चपलांच्या दुकानात कामाला आहे. माशाचं कालवण समोर ठेवलेलं, कुणी हात लावत नव्हतं.

"म्हणजे तुझ्या हुशारीपायी मला परत आडवं व्हायचंय," इंदो मिल्का नवऱ्याला म्हणाली.

त्याने कालवणाचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

"बोल की. मेलेल्यांशी दिवसभर बोलत बसतोस."

"इथेच काढ ना आई," मिल्का म्हणाली.

"इथे नाही. इथे मेले तर मला डोंगरावर चढवायला किती माणसं लागतील. तालुक्यातच काढीन." मग ती कालवणात भात कालवायला लागली. तिचं ठरलं होतं.

तेनरीबाई जेवायच्या वेळी आमच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांना एक मागायचं होतं. दुसरी गाठ आली की तपासणीला लागेल तेवढी लागेल, पण एक तुकडा त्यांना अभ्यासासाठी कायमचा ठेवायचा होता, मेणात, आणि एक बारीक काप वेगळ्या औषधाच्या नळीत, ज्यात तो बर्फाशिवाय काही दिवस टिकतो. "पुस्तकातल्या गाठी सगळ्या लांबच्या देशांतल्या," त्या म्हणाल्या. "औषधं त्यांच्याकडे बघून ठरतात. इथल्या बायकांच्या गाठी नेमक्या तशाच आहेत का, हे सांगायला माझ्याकडे हव्या तितक्या गाठीच नाहीत."

मी मध्ये पडले. विकणार का? परदेशी जाणार का? हिचं नाव कुणाला कळणार? त्यातून काही कळलं तर आम्हाला कोण सांगायला येणार, की तुमच्या नावाचा कागद छापून येईल आणि आम्ही तशाच? तेनरीबाई चिडल्या नाहीत. विकणार नाही, म्हणाल्या. नाव झाकलेलं राहील. परदेशी एखादा काप जाऊ शकतो, गेला तर आधी विचारीन. आणि शेवटच्या प्रश्नाला म्हणाल्या, "काय कळेल, कधी कळेल, मला माहीत नाही. कदाचित या इंदोच्या हयातीत नाहीच." खोटं बोलल्या असत्या तर मी तिथून उठले असते.

अडला तो अंबे मिल्का. सकाळपासून पहिल्यांदा मान वर करून म्हणाला, "पहिली गाठ माझ्यामुळे गेली, त्याची शिक्षा मला द्या. पण ही अर्धी इथे आणि अर्धी तिथे जाणार नाही. हिच्या वेळेला मी काय तोंडाने सांगू पुढे गेलेल्यांना, की बाईचा एक तुकडा मकासरला आहे?"

इंदो मिल्काने बोटं चाटली. "माझे भाऊ कुठे आहेत?"

"पापुआत."

"आई कुणासाठी पडून राहिलीय?"

तो टोपी काढून हातात फिरवायला लागला.

"ते येतील तेव्हा कुणी विचारणार आहे का, इतकी वर्षं कुठे होतात म्हणून? आले एवढं पुरे. हिला लांब राहायचं तर राहू दे. कामाला राहील इथे, मिल्कासारखी. माझी वेळ आली की निरोप धाडा." आणि तेनरीबाईंकडे वळून, "तेव्हा द्याल ना परत?"

बाईंनी थोडा विचार केला. "उरेल तेवढा देईन. तपासायला कापत कापत पातळ होत जातो तो."

"शहरात सगळेच होतात," इंदो मिल्का म्हणाली आणि लेकीच्या मनगटाकडे पाहिलं. "खा नीट."

उरलेली पहिली गाठ अंबे मिल्का परत घेऊन आला. सासूशेजारी ठेवली नाही. घराच्या पूर्वेला, मिल्का जन्मली तेव्हाची वार पुरली होती तिथे, एकट्याने खड्डा खणून पुरली.

दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी तेनरीबाईंनी भरून दिलेली बरणी आणि ती छोटी नळी घेऊन तो ऑपरेशनच्या दाराला पाठ लावून उभा होता. बाईंनी तालुक्याच्या डॉक्टरला फोनवर सगळं पढवलं होतं, तरी हा मधूनमधून दार ढकलून आत डोकावायचा: "चिरा बरं का. अख्खी टाकू नका." शेवटी नर्सने दाराला आतून कडी लावली. गाठ बाहेर आली, चिरून आली, नळीत काप आला. इंदो मिल्का अजून भुलीत होती. तिच्याजवळ रजा काढून आलेली मिल्का बसली, आणि आम्ही दोघं पळालो. पळालो म्हणजे खरोखर. त्या माणसाला मी आयुष्यात चालताना सुद्धा घाईत पाहिलं नव्हतं.

डोंगर अर्धा उतरलो नाही तोच बस थांबली. पुढे रस्ताभर माणसं. घरासारखं छप्पर घातलेली शवपेटी, बांबूंवर, खाली वीस-तीस खांदे, कधी डावीकडे कधी उजवीकडे हिसके देत, ओरडत, हसत. पुढे बायकांच्या डोक्यावर लांबच लांब लाल कापड. इंजिन बंद झालं, प्रवासी उतरले, सिगारेटी निघाल्या, बांबूच्या नळकांड्यातली ताडी फिरायला लागली. अशा वेळी थांबायचं असतं. कुणाचंही असो, थांबायचं. आणि हे पातोला मास्तर होते, यांना अंबे मिल्कानेच टोचलं होतं, दोन पावसाळे सांभाळलं होतं.

मास्तरांच्या थोरल्याने त्याला पाहिलं. "अंबे, बरे आलात. या, खांदा द्या. तुमच्याच हातचे बाबा."

लोकांनी वाट करून दिली. मला वाटलं, आता हा जाणार. त्याच्या आजाला ज्या खांदेकऱ्यांच्या जवळपास कुणी उभं केलं नसतं, तिथे त्याला हाक मारून बोलावत होते, शंभर माणसांदेखत. त्याचे पाय पुढे गेलेही. मग त्याने छातीशी धरलेल्या बरणीकडे पाहिलं.

"मास्तर थांबतील," तो म्हणाला. "ही थांबत नाही."

आणि तो त्या लाल कापडाखालून, वाकून, बायकांना बाजूला सारत चालायला लागला. मागून कुणी शिवी दिली. कुणी म्हणालं, फॉर्मालिन डोक्यात गेलंय याच्या. थोरल्याने धरलेलं ताडीचं नळकांडं तसंच हातात राहिलं. मी मागे मागे, वाटेत येईल त्याला कोपर मारत.

पलीकडे अडकलेला कोबीचा ट्रक कंटाळून परत खाली जायला तोंड फिरवून उभा होता. आम्ही कोबीवर चढलो. ऊन लागू नये म्हणून त्याने आपली टोपी बरणीवर घातली, नळी खिशात उलटी होईल म्हणून मुठीत धरली, आणि दर वळणावर ड्रायव्हरच्या टपावर थाप मारत राहिला. "जोरात हाण की. कोबी काय पळून चाललाय?" ड्रायव्हर म्हणाला, आजोबा, मरायचंय का? तर हा म्हणतो, "मेलास तर मी आहे. तू चालव."

मकासरला पोचलो तेव्हा रात्र बरीच झाली होती. तेनरीबाई घरी गेल्या नव्हत्या. त्यांनी गाठ उजेडात धरली, बोटाने दाबून पाहिली, आणि काही न बोलता आत घेऊन गेल्या. त्यांनी काही न बोलणं किती चांगलं असतं हे मला तेव्हा कळलं.

गाठीने उत्तर दिलं. गोळी चालते. इंदो मिल्का आता रोज एक गोळी घेते, अंगाची आग होते म्हणून नवऱ्याला शिव्या देते, आणि डाव्या हाताने कॉफी पाखडायला शिकलीय. बरी झाली का, हे मी सांगणार नाही. ते सांगायची वेळ अजून आली नाही आणि खोटा दिलासा मला जमत नाही. पण औषध अंधारात मारलेला दगड नाही, एवढं नक्की.

पुढच्या खेपेला तेनरीबाईंनी आम्हाला तो ठोकळा दाखवला. पांढऱ्या मेणात एक करडा ठिपका, नखाएवढा. "एवढीच?" अंबे मिल्काने विचारलं. मग तो हळूच त्याच्याशी काहीतरी बोलला, आणि आम्ही निघालो.

पातोला मास्तरांच्या घरून त्याला मयताच्या रेड्यांच्या मांसाचा वाटा आला नाही. अजूनही त्या घराण्यात कुणाचा श्वास थांबला तर दुसऱ्या गावातला पोऱ्या बोलावतात, ज्याच्या हातची माणसं महिन्याभरात वास मारतात. अंबे मिल्का याबद्दल बोलत नाही. विचारलं तर कप फिरवत बसतो. मला मात्र राग येतो, आणि रागापेक्षा जास्त बेचैनी. बुंतु रारात एक गाठ मेणापर्यंत पोचली, तर आजूबाजूच्या गावांत किती गाठी कपाटांवर पडल्यात, व्हिनेगरमध्ये, साध्या पाण्यात, निखळ फॉर्मालिनमध्ये, आपलं तोंड आतल्या आत पुसून घेत? आणि त्यातली एकही नसताना दूर कुठेतरी कुणीतरी ठरवतंय, की बायकांच्या गाठी अशा असतात.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरी कुणी हा तुकडा ठेवून घेऊ का म्हणून विचारायला आलं, तर लगेच मान डोलावू नका आणि हाकलूनही देऊ नका. त्याला बसवा. कुठे ठेवणार, कोण बघणार, कुठे धाडणार, कळलं ते आम्हाला कोण सांगणार, परत मागितला तर देणार का, सगळं विचारा. तो चिडला तर आवाज चढवा. माहीत नाही म्हणाला तर त्याच्याकडे जरा नीट बघा, कारण तो खरा असू शकतो. पोटभर भांडून घ्या, आणि मग त्याला हो म्हणा.